आम्ही सगळे

—नाही नाही, मास्क काढू नका, असू दे. कानामागची दोरी तेवढी सोडवते आणि गालावर ही कागदी पट्टी लावते, म्हणजे मास्क जागेवर राहतो आणि कात्रीत दोरी येत नाही. सुरुवातीला दोघीतिघींच्या दोऱ्या कापल्या मी, मग ही युक्ती सुचली. हं, मान खाली. अजून थोडी. तर काय म्हणत होतात — बेटावर चाललाय, परवाच्या विमानानं, दोघंच, आणि भीती वाटतेय. वाटणारच हो. आजकाल माझ्याकडे येणारी दर दुसरी बाई एक तर विमानात बसणार असते नाहीतर बसू की नको बसू करत असते. आणि सगळ्या जाण्याआधी केस कापायला येतात. का, तर तिथे उतरल्यावर खोलीत कोंडून ठेवलं तर निदान मानेवर घाम यायला नको. म्हणजे जीव मुठीत धरून जायचं, पण जायचं नीटनेटकं. मला आवडतं ते, खरंच सांगते, चेष्टा नाही करत.

पंखा लावत नाही हं, हवा फिरते म्हणतात, म्हणून खिडकी उघडी ठेवलीय. आणि शेजारच्या खुर्चीवर ते स्टूल उलटं घातलंय ते कुणी बसू नये म्हणून — पाटी लावून बघितली, पाटीवर बसल्या बायका. बरं, मला सांगा, ती नाकात काडी घालतात ना, ती खरंच डोळ्यापर्यंत गेल्यासारखी वाटते का? एक जण म्हणाली डोळ्यातून पाणी आलं, एक जण म्हणाली काहीच नाही, शिंक येता येता राहते तेवढंच. आणि समजा, निकाल इथे चांगला आला आणि तिथे उतरल्यावर परत तपासलं नि वाईट आला, तर? तर हॉटेलात ठेवतात की दवाखान्यात? बरोबरच्या माणसाला वेगळं काढतात का? आणि विमानात कुणी खोकलं तर जागा बदलून मिळते? मधली जागा रिकामी ठेवतात असं ऐकलं होतं, मग ऐकलं की नाही ठेवत. पाणी प्यायला मास्क खाली करायचा की नाही? नाही, मी आपली सहज विचारते. गिऱ्हाईक विचारतं, मग आपल्याला सांगता यायला नको का.

मी? छे, मी कुठली बसते विमानात. एकदाही नाही. एकदा बसणार होते, त्याच बेटावर जायला, तुम्ही चाललाय तिथेच. आई असते ना माझी तिथे. मोठा भाऊ बोटी दुरुस्त करतो, बंदराच्या मागे त्याचं घर आहे — तुमच्या हॉटेलांच्या बाजूला नाही, उलट्या अंगाला, जिथे पर्यटक चुकूनच जातात. वडील गेल्यावर दादा तिला घेऊन गेला. चार दिवस हवापालट म्हणून गेली बिचारी, एक पिशवी घेऊन, आणि तिकडे गेल्यावर हे सगळं सुरू झालं. विमानं बंद, बोटी बंद. अडकलीच. इथे मी आणि माझी धाकटी बहीण. धाकटीचं लग्न झालंय, ती पलीकडच्या गल्लीत राहते. माझं म्हणाल तर हे दुकान. माझं लग्न या दुकानाशीच झालं असं आई म्हणायची, पूर्वी, हसून.

तर विमानं परत सुरू झाली तशी धाकटी धावत आली. ताई, आपण जाऊ या, म्हणाली. आपण आईकडे जाऊ, आपण अमक्या दिवशी तपासणी करून घेऊ, आपण बॅगा छोट्याच घेऊ. आपण, आपण, आपण. तोंडातून दुसरा शब्द नाही. मी तिकीट काढलं, खिडकीची जागा घेतली, दुकानाच्या दारावर लावायला कागद लिहून ठेवला की अमुक दिवस बंद. गिऱ्हाइकांना सांगत सुटले. एवढा उतावळेपणा मला शोभत नाही, पण केला. आईला काय काय न्यायचं त्याची पिशवी भरली — तिचा लाकडी कंगवा मुख्य. तो ती विसरून गेली होती, आणि तिचे केस म्हणजे काय सांगू तुम्हाला, या वयातसुद्धा कमरेपर्यंत, दाट, आणि प्लास्टिकचा कंगवा लागला की तुटतात. लहानपणापासून तिचं डोकं मीच धुवायची. धाकटीला कंटाळा.

आणि मग जायच्या आदल्या आठवड्यात धाकटी आली आणि इथे बसली, ह्याच खुर्चीवर, तुम्ही बसलाय तिथे. केस कापून घेतले. मी कापड झटकत होते तेव्हा म्हणाली, ताई, आपण नको जाऊ या आत्ता. मी म्हटलं का गं. तर म्हणे, आपल्याला काही होत नाही गं, आपण धडधाकट आहोत, पण आपल्यामुळे आईला झालं तर? विमानात कोण कुठला बसतो शेजारी. आपण घेऊन गेलो आणि आईला दिलं, तर जन्मभर तोंड दाखवायला जागा राहील का आपल्याला? डोळ्यात पाणी होतं तिच्या. आता मला सांगा, ह्याच्यावर कोण काय बोलणार? आईच्या जिवापुढे तिकीट कसलं घेऊन बसलात. मी त्याच दिवशी रद्द केलं. उलट तिला जवळ घेतलं मी — म्हणजे जवळ घ्यायचं नाही असं होतं तेव्हा, पण घेतलं — आणि म्हटलं, शहाणी झालीस गं, माझ्या डोक्यात आलं नाही ते तुझ्या आलं.

मान सरळ करा आता. हलू नका हं, कानाजवळ आहे मी.

त्यानंतर दोन दिवसांनी तिचा फोन की घसा दुखतोय, अंगही कसकसतंय, मी आणि हे दोघंही खोलीत बंद करून घेतोय, तू येऊ नकोस, फोनही करू नकोस, बोलवत नाही. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं बघा, गेलो असतो तर आईला दिलंच असतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी सूप करायची, मऊ भात करायची, डबा भरून तिच्या दाराशी ठेवायची, घंटी वाजवून लांब जिन्यात जाऊन उभी राहायची. दार उघडायचं नाही. वाटायचं, मी गेल्यावर घेत असेल, जिन्यातसुद्धा कुणी असू नये म्हणून. आणि संध्याकाळी जावं तर सकाळचा डबा स्वच्छ धुवून, पुसून दाराबाहेर. मी म्हणायची, अंगात ताप असताना डबा धुते पोर. कसलं कौतुक मला. इथे सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं ते कौतुक.

आईशी मात्र रोज बोलायची, सकाळी. तिला धाकटीचं काही सांगितलं नव्हतं, उगाच घोर नको. एके दिवशी जरा उशीर झाला म्हणून दुपारी फोन केला. म्हटलं कशी आहेस, जेवलीस का, एकटीच आहेस का, दादा कामावर असेल. तर ती म्हणाली, "अगं, एकटी कशाला, आम्ही सगळे आत्ताच जेवायला बसलोय."

आम्ही सगळे. तुम्हाला ऐकून काही वाटलं? नाही ना वाटलं. मलाही क्षणभर नाही वाटलं. मग वाटलं — की ज्या घरी दादा, वहिनी आणि आई एवढी तीन माणसं, आणि दादा दुपारी कधी घरी नसतो, त्या घरी 'सगळे' कोण? आणि दुसरं ते 'आम्ही'. माझ्याकडे एक बाई येतात, भाषा शिकवतात परदेशी लोकांना, त्या सांगत होत्या की पुष्कळ भाषांत दोन्हीला एकच शब्द असतो, आपण आणि आम्ही याला. म्हटलं बरं आहे की त्यांचं, कुणी बाहेर काढलं तरी पत्ता लागत नाही. आपल्यात तसं नाही. आपण म्हटलं की समोरचा आत, आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर. बोबडं बोलणाऱ्या पोरालाही कळतं ते, कुणी शिकवावं लागत नाही. आणि माझी आई, जिनं जन्मभर माझ्याशी बोलताना घराला 'आपलं' म्हटलं, ती मला सांगत होती आम्ही सगळे. मी म्हटलं, सगळे म्हणजे कोण गं आई? ताट सरकवल्याचा आवाज आला. आणि मागून हसणं ऐकू आलं. धाकटी हसते ना, तर शेवटी श्वास आत ओढते, उचकी लागल्यासारखा. हजार माणसांत ओळखेन मी.

घसा दुखत होता म्हणे. गेली होती नवऱ्याला घेऊन, माझ्या डब्याच्या पहिल्या दिवशीच पोचली होती. आणि डबा? डबा खायची खालच्या मजल्यावरची शिक्षिका. तिला सांगून गेली होती धाकटी — ताई डबा ठेवेल, खाऊन टाका आणि धुवून दाराशी ठेवा. त्या बाईला वाटलं, असेल काही बहिणीबहिणींचं. नंतर जिन्यात भेटली तर मला म्हणते कशी, तुमच्या हाताला चव आहे हो फार. हसलात ना? मास्क आहे पण डोळे हसले तुमचे, आरशात दिसतात मला. हसा, हसण्यासारखंच आहे. मीसुद्धा घरी येऊन हसले होते, आधी.

पण खरं सांगू, धाकटीचं मला एवढं लागलं नाही. म्हणजे लागलं, केसानं गळा कापला तिनं माझा — आणि आमच्या धंद्यात ही म्हण कुणी म्हटली की आम्ही हसतो, म्हणतो बाई, आम्ही तर कात्री वापरतो — पण ती पहिल्यापासून तशीच. पोटात एक ओठात एक. लहानपणी माझ्या वाटचं खाऊन माझ्याच अंगावर सांडलेलं दाखवायची. तिला मी फोनवर नको नको ते बोलले. ती रडायला लागली आणि म्हणाली, ताई, मी नाही गं, आईच म्हणाली. मी म्हटलं खोटं. आईवर ढकलतेस? लाज वाटत नाही? तर फोन आईनं घेतला. आणि ती शांतपणे, अगदी, म्हणजे कसं — समजूत काढताना बोलते ना तसं, म्हणाली, "मीच सांगितलं तिला, मोठीला आणू नकोस म्हणून. तुझ्या हातांखालून दिवसभर कुणाकुणाची डोकी जातात गं. मला भीती वाटली."

बघा हात. बघा तरी. भेगा दिसतात? ते त्या जंतुनाशकानं. हातमोजे घालून बघितले, पण हातमोज्याला केस चिकटतात, बटीचा अंदाज येत नाही, म्हणून प्रत्येक डोक्यानंतर साबण, मग ते औषध, मग परत साबण. रात्री झोंबतात इतके की पांघरूण ओढवत नाही. या हातांनी तिला टायफॉइडमध्ये पुसून काढलंय. वडिलांची शेवटची दाढी यांनी केली, दवाखान्यात न्हाव्याला आत येऊ देईनात तेव्हा. धाकटीच्या लग्नात तिचे केस यांनी बांधले आणि आईनंच दृष्ट काढल्यासारखी माझी बोटं कानशिलाला लावली होती, म्हणाली होती सोन्याचे हात माझ्या मोठीचे. तेच हात. आणि दादा दिवसभर बंदरावर, दहा देशांची माणसं उतरतात तिथे, त्याचे हात चालतात. धाकटीचा नवरा बँकेच्या खिडकीत बसतो, नोटा मोजतो, त्याचे चालतात. माझेच तेवढे नको झाले. आणि सांगायचं तरी मला. तोंडावर म्हणायचं, बाई, तुझा धंदा असा आहे, मला म्हातारीला भीती वाटते, तू थांब. थांबले असते हो. एका शब्दानं थांबले असते. ते नाही. मला थांबवलं कसं, तर आईच्याच काळजीनं. आईला काही होऊ नये म्हणून मी थांबले, आणि तिकडे सगळे ताटं मांडून बसले.

आणि पुढचं ऐका, हे तर कहर आहे. वर आई म्हणाली, तू वाईट वाटून घेऊ नकोस, आम्ही इथे सगळ्यांना सांगितलंय की मोठीला विमानाची भीती वाटते म्हणून आली नाही. उगाच तुझ्या धंद्यावरून कुणी काही बोलायला नको. म्हणजे माझीच अब्रू राखली म्हणे. अहो, मी, जी शाळेत असताना पाण्याच्या टाकीवर चढून बसायची, जिला खिडकीची जागा हवी होती ढग बघायला, ती मी विमानाला घाबरते. मग वहिनीची एक मैत्रीण इकडे आली कामाला, आली केस धुवायला, आणि म्हणते, अगंबाई, तुम्हीच का त्या, विमानाला घाबरणाऱ्या? मी म्हटलं हो. काय सांगणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तोंड तर काय, दाबलेलंच होतं सगळ्यांचं.

समोर बघा जरा, म्हणजे बाजू सारख्या आहेत की नाही ते बघते. आहेत.

आता? आता बोलते की. रोज सकाळी फोन येतो तिचा, मी नाही करत, तीच करते. मागच्या महिन्यात मोरीत पाय घसरला, खांद्याचं हाड सरकलं, हात गळ्यात बांधलाय. केस विंचरता येत नाहीत. वहिनी हात लावायला गेली की ओरडते. धाकटी इकडे परत आलीय केव्हाच, तिला बोलावलं तर म्हणते, आत्ता नाही जमत, विमानात गर्दी वाढलीय फार, भीती वाटते. गुंता झालाय सगळा, मानेपाशी गोळा झालाय, रात्री टेकता येत नाही. वहिनी म्हणते, बारीक करून टाकू. तर आई म्हणते, माझ्या डोक्याला मोठीशिवाय कुणाचा हात नको. ऐकलंत? मोठीशिवाय. आणि मला म्हणते, तू ये. आता काही नसतं, तपासणी केली की झालं. आणि वर काय म्हणते माहितेय? म्हणते, विमानाला घाबरू नकोस गं, मी बसले होते ना, डोळे मिटून घ्यायचे आणि गोळी चघळायची, कळतसुद्धा नाही. सुरुवातीला वाटलं टोमणा मारतेय. नाही हो. मनापासून सांगते. इतक्यांना सांगून सांगून तिला स्वतःलाच खरं वाटायला लागलंय. तिच्या लेखी मी पहिल्यापासून घाबरट, आणि ती माझी समजूत काढतेय. रोज.

मी काय म्हणणार? म्हणते, हो गं आई, भीती वाटते.

तुमचं म्हणणं कळतं मला. जागा असतील, परवाच्या विमानातही असतील, तुम्ही सोबत द्याल, तेही कळतं, चांगल्या आहात तुम्ही. राग? राग असता तर केव्हाच गेले असते. गुंता सोडवता सोडवता भांडले असते, तिचं डोकं माझ्याच हातात, जाणार कुठे? रोज मनात तेच करते मी, इथे दुसऱ्यांचे केस कापताना. तिच्यामागे उभी राहते, ती मान खाली घालते, डोळे मिटते, आणि मी विचारते — आई, आता नाही का वाटत भीती, माझ्या हातांची? आणि ती म्हणते, कसली गं भीती? तू तर माझी मोठी. आणि तिला खरंच आठवत नसतं. काहीच. मी काय करायचं मग? एवढं सगळं माझ्या एकटीकडेच राहायचं, आणि वर तिची वेणी घालायची? नाही जमायचं मला. तिथवर पोचले तर घालीन मी वेणी, माहितेय मला, गुपचूप घालीन आणि परत येईन, म्हणून तर—

नाही, रडत नाहीये. आणि तुम्ही कशाला? पट्टी निघेल ओली होऊन. मी घाबरते, बस. घरात सगळ्यांना माहीत आहे.

उठा आता. उठा, झालंय तुमचं. बाहेर एक बाई उभी आहे मघापासून, तिला आत घ्यायचंय.